रेडा, बकरी आणि बिरकत-अल-मौझचं बिऱ्हाड

जनार्दन पालवने बिरकत-अल-मौझला दुसरं बिऱ्हाड थाटलंय, ही बातमी मला मस्कतच्या अल घुब्रा भागातल्या आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये मिळाली. देणारी तिसऱ्या मजल्यावरची कल्पना. लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो, तरी ती कुजबुजत होती. कुजबुजल्याने बातमीला वजन येतं हे तिला कोणी शिकवावं लागलं नाही.

ती, तिचा नवरा धनेश आणि मुलं खजुराच्या बागा बघायला तिकडे गेली होती. डोंगराच्या पायथ्याचं गाव ते. तिथे एका बसक्या घराच्या दारात जनार्दनची पांढरी जीप उभी. दोरीवर कपडे वाळत होते. आणि फुलाफुलांची ओढणी घेतलेली एक बाई जनार्दनच्या हातात जेवणाचा डबा देत होती.

"डबा, काका," कल्पना म्हणाली. "तोसुद्धा चार पुडांचा."

"चार पुडांचा म्हणजे प्रकरण जुनं दिसतंय."

"कोणाला बोलू नका हं."

बोलणार नव्हतोच. जुम्म्यापर्यंत, म्हणजे शुक्रवारपर्यंत, कळ काढली आणि मग फक्त आमच्या सूनबाईला सांगितलं. घरातल्या माणसाला सांगणं म्हणजे काही सांगणं नव्हे. सूनबाईनेही तोच नियम पाळला असणार, कारण उन्हाळा संपेपर्यंत बिल्डिंगमधल्या सगळ्या मराठी घरांत ही बातमी राहायला गेली होती. नव्हती फक्त दुसऱ्या मजल्यावर, पालवांच्या घरी.

आता जनार्दनकडे बघून कोणाला ही बातमी खरी वाटावी, हा प्रश्न मलाही पडला होता. माणूस कणकवलीकडचा, काटकुळा, डोक्यावर केस जेमतेम. एसी, हीटर, बॉयलर यांची कामं घेणाऱ्या एका कंपनीत वीसेक वर्षं काढलेली. उन्हाळ्यात त्याचं काम मस्कतमध्ये. थंडी सुरू झाली की मात्र कंपनी त्याला जबल अख्दरच्या डोंगरावर, वरच्या एका हॉटेलात पाठवायची. खाली मस्कतमध्ये आपण पंखा लावून बसलेले असतो तेव्हा वर पाणी गोठतं, एखाद्या वर्षी गारांनी रस्ता पांढरा होतो. बॉयलर बंद पडला तर पाहुणे गाद्या गुंडाळून बसतील. म्हणून नोव्हेंबर ते मार्च जनार्दन शनिवारी वर जायचा आणि गुरुवारी खाली यायचा. जाण्यायेण्याची गाडी ज्याची त्याने बघायची.

या माणसाला दोन मिनिटं एका जागी बसता येत नसे. खुर्चीवर बसला तर गुडघा हलतोय, उभा राहिला तर खिशात किल्ल्या वाजतायत. आमच्याकडे चहाला आला की सूनबाई आधी टीपॉयवरची काचेची वस्तू उचलून ठेवायची. असा माणूस दोन बिऱ्हाडं कशी सांभाळणार? पण बातमी रंगतदार होती आणि मी म्हातारा आहे. मी ती मोडायला गेलो नाही.

पालवांकडे गाड्या दोन, दोन्ही म्हाताऱ्या. पांढरी जीप, जिचं पांढरेपण आता जुन्या धोतरासारखं झालं होतं, तिला घरात 'रेडा' म्हणत. रुपेरी रंगाची लहान गाडी ती 'बकरी'. नावं ठेवली होती मुलीने, पूर्वाने. ती इंडियन स्कूलमध्ये नववीत. मराठी बोलताना एकेक शब्द चाचपून टाकते, पण नावं ठेवण्यात एकदम अस्सल मराठी.

रेडा गिअरचा, चार चाकांना जोर असलेला, म्हणजे फोर-व्हील ड्राइव्ह. बकरी बिनगिअरची, चालवायला सोपी, आणि ती होती शीलाची. शीला म्हणजे जनार्दनची बायको. मदिनत सुलतान काबूस भागातल्या एका बालवाडीत ती शिकवते. इथे लायसन काढणं म्हणजे काय ते काढलेल्यालाच विचारावं. आधी लोखंडी पिंपांच्या मधून गाडी उलटी घालायची, पिंपाला धक्का लागला की घरी जा. मग चढावर गाडी थांबवून दाखवा. मग रस्त्यावरची परीक्षा, शेजारी पोलीस बसलेला. शीला रस्त्यावर इतक्या वेळा नापास झाली की शेवटी तो पोलीसच तिला घरचं काय-कसं विचारायला लागला होता. पास झाली त्या दिवशी तिने अख्ख्या बिल्डिंगला बेसनाचे लाडू वाटले. मात्र लायसन मिळालं ते फक्त बिनगिअरच्या गाडीचं. रेडा चालवायचा तर पुन्हा पिंपं, पुन्हा चढ, पुन्हा तो पोलीस.

लायसन मिळाल्यावर तिने बालवाडीची नोकरी धरली. त्याआधी नवरा आठवडा आठवडा डोंगरावर, आणि ही टॅक्सीची वाट बघत किंवा आमच्या सुनेला, "वहिनी, लुलु सुपरमार्केटला जाताय का?" असं विचारत बसलेली. हे मी मुद्दाम सांगतोय. बकरी गेली असती तर शीलाची नोकरी गेली असती आणि ती पुन्हा बाल्कनीत उभी राहिली असती. तिला ते नीट ठाऊक होतं.

आणि ऑक्टोबरमध्ये बिल्डिंगच्या अर्बाबाने, म्हणजे मालकाने, फतवा काढला. नव्या वर्षापासून एका घराला पार्किंगची एकच जागा. त्यातच दोन्ही गाड्यांची मुलकिया, म्हणजे नोंदणी, डिसेंबरअखेर संपत होती. इतक्या जुन्या गाड्या दरवर्षी तपासणीत पास करून घ्याव्या लागतात, आणि दोघींनाही बरंच काम निघालं होतं. एक विकायची हे उघड होतं. कुठली, एवढाच प्रश्न.

तसा प्रश्नही नव्हता. जबल अख्दरच्या पायथ्याला पोलिसांची चौकी आहे. चार चाकांना जोर नसलेल्या गाडीला तिथून परत पाठवतात, मग आत मंत्री बसलेला असो की मी. हे मस्कतमधलं शाळकरी पोर सांगेल. रेडा विकला तर जनार्दन कामावर जाणार कसा? शीलाने पहिले आठ दिवस भांडून पाहिलं.

"तुमची गाडी पाच महिने चालते, माझी बारा महिने," ती म्हणाली. मी तेव्हा त्यांच्याकडे कोकम सरबत पीत बसलो होतो.

"खरा आसा तुझा," जनार्दन म्हणाला. गुडघा हलत होता.

"मग?"

"मग काय... चौकीवर सोडूक व्हये ना."

पगार जनार्दनचा मोठा. पुढच्या आठवड्यात तिनेच बकरीचे फोटो काढले आणि मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकले. फोटो काढण्याआधी तिने गाडी धुतली. पार्किंगमध्ये उभी राहून ती काच पुसत होती आणि एकच काच पुन्हा पुन्हा पुसत होती. मी वरून बघत होतो. माझ्या बाल्कनीतून पार्किंग छान दिसतं.

इथपर्यंत सगळं सरळ. पण मग जनार्दनने जे चालवलं, त्याने सगळी बिल्डिंग बुचकळ्यात पडली.

अल खौदहून धनंजय नावाचा नवा नवरा झालेला इंजिनिअर बकरी बघायला आला. गाडी फिरवून खूश झाला. तर जनार्दन त्याला म्हणतो, "एसी उन्हाळ्यात कमी पडतो. डावीकडचा आरसा हलतो. आणि सकाळी सुरू करताना एक आवाज येतो." शीला शेजारी उभी. ती म्हणाली, "कुठला आवाज?" जनार्दन म्हणाला, "येतो. तुला ऐकू येत नाही." धनंजय बिचारा विचार करून सांगतो म्हणाला आणि गेला तो गेलाच.

"अहो, गिऱ्हाईक हाकलायला पगार मिळतो का तुम्हाला?" शीला जिन्यातच सुरू झाली.

"खोटा कशाक बोलूचा?"

"मग रेडा विका. त्याच्याबद्दल तरी चांगलं बोलता येईल."

"बघूया. आजच ठरवूक व्हया असा काय आसा?"

पुढच्या आठवड्यात निझव्याचा एक शेतकरी रेडा बघायला आला. हा कोणी बोलावला होता? तर जनार्दननेच. शीलाला पत्ता नाही. शेतकऱ्याने बोनेट उघडलं, चाकांना लाथा मारून पाहिल्या, "जैन, जैन," म्हणजे छान, छान, म्हणाला. सौदा ठरणार तेवढ्यात जनार्दन किल्ल्या वाजवत म्हणाला, "इन्शाल्ला, नंतर कळवतो."

सुट्टीच्या दिवशी दुपारी जेवला की तो पार्किंगमध्ये उतरायचा. रेड्याभोवती एक फेरी, बकरीभोवती एक फेरी. रेड्यात बसायचा, स्टिअरिंग धरायचा, उतरायचा. बकरीचं दार उघडून पुन्हा लावायचा. वर यायचा आणि अर्ध्या तासाने पुन्हा खाली. शीला स्वयंपाकघरातून विचारायची, "आता काय राहिलं?" आणि तो म्हणायचा, "माका जरा टायर बघूचो आसा." पूर्वा म्हणाली, "बाबा, जस्ट डिसाइड करा ना. आईला टेन्शन येतो." तिच्यावर तो कधी नव्हे ते ओरडला आणि मग तिच्यासाठी आइस्क्रीम आणायला गेला. रेडा घेऊन गेला आणि पाच मिनिटांच्या कामाला तासाने परत आला, तेही आइस्क्रीम विसरून.

गंमत म्हणजे मंडळाच्या कार्यक्रमात हाच माणूस डोंगराचा मोठा जाणकार. थंडीत लोक सहली काढायचे आणि आधी जनार्दनला विचारायचे. तो सांगायचा, "उतारावर पहिला गिअर. ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही. गारा असतील तर वळणावर स्टिअरिंगशी मस्ती नको." कोणी म्हणालं की भीती नाही वाटत, तर म्हणायचा, "आम्ही गगनबावड्याच्या घाटात शेंगा खात वाढलो." सगळे माना डोलवायचे. त्याचं हे भाषण मीच निदान चार हिवाळे ऐकलंय.

बिल्डिंगने आपापल्या परीने अर्थ लावला. कल्पनाने तर डाव्या हाताने लावला. "काका, तिकडची म्हणत असणार, जीप विकू नका. इकडची म्हणते, विका. माणूस दोन्हीकडून पिळला जातोय." खरं सांगतो, मला त्यात तथ्य वाटायला लागलं होतं. जनार्दनचं वजन उतरलं होतं.

आणि व्हायचं तेच झालं. डिसेंबरात हळदीकुंकू नाही, काही नाही, तरी कल्पना एक दिवस वाटीत तिळाची चटणी घेऊन शीलाकडे गेली. बाहेर आल्यावर म्हणाली, "सांगितलं बाई. मी नाही सांगायचं तर कोणी?"

"काय म्हणाली शीला?"

"हसली. म्हणाली, ह्यांना एका बायकोची भाजी धड आणता येत नाही."

पण त्या रात्रीपासून पालवांच्या घरात दोघंही येरझारा घालणारी झाली. तो सुट्टीला आला की पार्किंगमध्ये, ती वर. सोमवारी शीलाने बकरी मंडळाच्या ग्रुपवर पुन्हा टाकली, मंगळवारी काढली, बुधवारी टाकली. बालवाडीच्या बाईंना तिने अजून काही कळवलं नव्हतं. वर्ष संपायला जेमतेम आठवडा उरला होता.

त्याच आठवड्यात डोंगरावर गारा पडल्या. सगळ्यांच्या फोनवर पांढरे रस्ते आणि थरथरत नाचणारी माणसं आली. गुरुवारी जनार्दन खाली आला आणि जेवताना शीला म्हणाली, "उद्या आम्हाला वर न्या."

"कशाक?"

"बर्फ बघायचाय. एवढी वर्षं नवरा बर्फात जातो, मी एकदा तरी बघू की नको?"

"थंडी आसा गो. पूर्वाक खोकलो होतलो."

"पूर्वाला स्वेटर आहे." मग शीला माझ्याकडे वळली. मी सहज डोकावलो होतो. "काका, तुम्ही येता का? मागे जागा आहे."

मी नाही म्हणणाऱ्यातला नव्हेच.

शुक्रवारी सकाळी निघालो. जनार्दन चालवत होता आणि दर दहा मिनिटांनी गाडीचा काटा बघत होता. फंजा गेलं, समाईल गेलं. "आवाज येता काय गो?" तो विचारी. "नाही," शीला म्हणे. पूर्वा कानात गाणी घालून बसली होती. बिरकत-अल-मौझची पाटी दिसली तशी शीला ताठ बसली. मीही ताठ बसलो. खोटं कशाला बोलू, मी त्यासाठीच आलो होतो.

जनार्दन चौकीच्या रस्त्याला लागायच्या ऐवजी गावात वळला. "गाडी गरम झाली आसा. थंड होऊंदे. च्या घेऊया."

आणि रेडा एका बसक्या घरासमोर थांबला. घराच्या एका बाजूला वाण्याचं दुकान, जुम्म्यामुळे बंद. दोरीवर कपडे. दार उघडून फुलाफुलांच्या ओढणीतली बाई बाहेर आली. वय पन्नासच्या पुढे, गुडघ्यावर हात देऊन पायरी उतरत होती.

"अगो, तू शीला ना?" ती म्हणाली. "ये, ये. हा जेवताना तुझंच नाव घेतो, शीलाची आमटी अशी नि शीलाची आमटी तशी. मी साबेरा. हर्णैची. इथे घशात बसते थंडी, आत ये."

शीलाने माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे पाहिलं.

आत बसलो. साबेराने चहा आणला, नानकटाया आणल्या. ती आणि तिचा नवरा जैनुद्दीन हे दुकान चालवतात. तो नमाजाला गेला होता. सगळं साधं, उघडं. मी थोडा हिरमुसलो होतो. तेवढ्यात शीलाची नजर भिंतीकडे गेली. खुंटीवर जनार्दनचं जाड जाकीट आणि लोकरीची टोपी टांगलेली होती. परक्या घरातल्या खुंटीवर.

तिने कप खाली ठेवला. "चला, उशीर होतोय. बर्फ वितळेल."

"आणखी च्या घेऊया," जनार्दन म्हणाला. हा त्याचा तिसरा कप होता. गुडघा इतका हलत होता की बशी वाजत होती.

"अहो, चौकी दोन मिनिटांवर आहे ना?"

"गाडी अजून गरम आसा."

शीला उठून बाहेर गेली, रेड्याच्या बोनेटवर तळहात ठेवला आणि परत आली. "थंड आहे."

जनार्दनने रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला. पूर्वाने कानातली गाणी काढली. साबेरा आता एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघू लागली.

त्याच वेळी जैनुद्दीन नमाजाहून आला. पांढरी दाढी, गडबडीचा माणूस. दारात रेडा दिसला, म्हणून त्याने आमच्याकडे नीट न बघताच बाहेरूनच सुरुवात केली. "जनार्दना, आज जुम्म्याला कसा? वर बॉयलर बसला काय? थांब, थांब, गाडी काढतो." आणि त्याने घरामागून आपला मालाचा पिकअप काढला, शेजारच्या सीटवरची कांद्याची पिशवी मागे टाकली, सीट हाताने झाडली आणि दार उघडं धरलं. "यल्ला, चल. साबेरा, त्याची टोपी दे गो."

साबेराने सवयीने खुंटीवरची टोपी काढली आणि हातात धरून तशीच उभी राहिली.

शीला त्या उघड्या दाराकडे बघत होती. मग रेड्याकडे. मग नवऱ्याकडे. जनार्दनचा गुडघा थांबला होता. इतक्या वर्षांत मी तो पहिल्यांदा थांबलेला पाहिला.

"भावजी," शीला जैनुद्दीनला म्हणाली, "हे किती वर्षं?"

जैनुद्दीनने जनार्दनकडे पाहिलं, दाढी खाजवली. "आता काय सांगू वयनी. सोबत होते मला. गप्पा मारतो."

"मला का नाही सांगितलंत?" हे जनार्दनला.

"काय सांगतलंय?" तो जमिनीकडे बघत म्हणाला. "सगळे माका विचारतत उतारावर कसा चालवूचा."

"आणि मी दोन महिने बकरीच्या काचा पुसतेय."

"विकलंय खंय मी ती? गिऱ्हाईक इला, हाकलून दिलंय."

शीलाला हसू आलं असावं, पण तिने ते दिसू दिलं नाही. तिने साबेराच्या हातातली टोपी घेतली आणि नवऱ्याच्या डोक्यावर कानापर्यंत ओढली, जरा जोरातच. "बसा. बर्फ बघायचाय मला."

पिकअपला मागे आणखी एक बाक होता. शीला आणि पूर्वा मागे, जनार्दन पुढे. वाटेतल्या वळणांवर त्याने डोळे मिटले होते, असं पूर्वाने नंतर सांगितलं. "बाबा प्रे करत होता," ती म्हणाली. मी खालीच राहिलो. गुडघे दुखतात म्हणालो. साबेराचेही दुखत होते, त्यामुळे दोघांचा वेळ फार चांगला गेला आणि मला हवं ते सगळं कळलं.

परतताना शीलाच्या मांडीवर रुमालात गुंडाळलेल्या गारा होत्या. इझकी येईपर्यंत त्यांचं पाणी झालं. तिने रुमाल खिडकीबाहेर पिळला आणि म्हणाली, "तो निझव्याचा शेतकरी अजून आहे का?"

"आसा."

"बोलवा त्याला उद्याच."

"मग दर शनिवारी मी पायथ्याक कसो येतलंय?"

"मी सोडीन. साबेराभाभींकडे चहा घेईन आणि परत येईन. गुरुवारी निझव्याहून बस आहे."

"हायवेवर चालवशीत? एवढ्या लांब?"

"मी त्या पोलिसाबरोबर चालवलंय," शीला म्हणाली.

एकतीस तारखेच्या आत रेडा निझव्याला गेला. बकरीचं काम करून घेतलं, मुलकिया झाली, पार्किंगच्या एकुलत्या जागेवर ती उभी राहिली. आता थंडीत शनिवारी दुपारी शीला गाडी चालवते आणि जनार्दन शेजारी डबा धरून बसतो. मंडळात कोणी त्याला डोंगरातल्या गाडीबद्दल विचारलं तर तो जैनुद्दीनचा नंबर देतो. कल्पनाने मला लिफ्टमध्ये गाठून विचारलं की तिकडे नक्की काय निघालं. तिला सांगितलं तेच इथे सांगतो.

बिरकत-अल-मौझला जनार्दनचं बिऱ्हाड नव्हतं. वर जायला लागला त्या पहिल्याच हिवाळ्यात गारांच्या दिवशी डोंगर उतरताना त्याच्या जीपचे ब्रेक तापले आणि लागेनासे झाले. असल्या गाड्यांसाठी रस्त्याच्या कडेला खडीचे चढ केलेले आहेत. जीप त्यातल्या एका चढावर शिरून थांबली. त्याला काही लागलं नाही. मागून येणाऱ्या जैनुद्दीनने त्याला खाली आणलं. त्यानंतर जनार्दनला त्या रस्त्यावर गाडी चालवायची भीती वाटत होती, म्हणून तो जीप जैनुद्दीनच्या दारात ठेवून त्याच्या पिकअपमधून वर जात होता, आणि साबेरा त्याला डबा देत होती. डोंगरासाठी रेडा लागतच नव्हता, पण ते सांगायची लाज, म्हणून त्याला ना बकरी विकवत होती ना रेडा.